ज्याचा देश सुटला, त्याचा पासपोर्ट

माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी येते, तेव्हा वारकऱ्याला कुणी कागद विचारत नाही. परदेशी जायचं तर मात्र पासपोर्ट हवाच! ‘या व्यक्तीला विनाअडथळा जाऊ द्या,’ अशी विनंती राष्ट्रपतींच्या नावानं त्यात छापलेली असते. पण ज्याचा देशच सुटला, त्याच्यासाठी कोण शब्द टाकणार?

१९२२ साली नॉर्वेच्या नान्सेन यांनी निर्वासितांसाठी खास प्रवासपत्र सुरू केलं. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. अशा तिबेटींनी अर्ज केला, की भारत सरकार त्यांना पिवळ्या रंगाचं ओळखपुस्तक देतं. ते घेऊन परदेशी जाता येतं.

माणूस परक्या देशाचा, पण शब्द आपला! घरात कुणाचा पासपोर्ट असेल, तर ती विनंती जरूर वाचा हं!