झोळीची स्प्रिंग

भाभीच्या बाळाच्या झोळीची स्प्रिंग गंजली, म्हणून भावाने नवी आणली. जाड तारेची, भरभक्कम. पण बाळ झोपेना. झोळी नुसती धाडधाड उडायची. अम्मी म्हणाली, "हळू ओढ गं." मीही तेच म्हटले. भाषा शिकवणाऱ्या बाईला दुसरे काय सुचणार!

बारावीत शिकणारी माझी मुलगी म्हणाली, "हळू ओढलं तर झोका लहान होईल, पण त्याला लागणारा वेळ तेवढाच राहील." बाळाला खाली घेऊन तिने झोळीत 5 किलो आट्याची पिशवी ठेवली, वर 1 किलो साखर. त्या एका किलोने जुनी स्प्रिंग 6 सेंटिमीटर ताणली गेली होती, नवी जेमतेम दीड. म्हणजे नवी चौपट कडक. मग मोबाइलवर वेळ मोजली. तेवढ्याच वजनाला जुन्या स्प्रिंगवर 20 झोके 24 सेकंदांत, नव्या स्प्रिंगवर 12 सेकंदांत. कडकपणा चौपट आणि वेळ मात्र निम्मी, पाव नव्हे. कारण सूत्रात वर्गमूळ आहे. कडक स्प्रिंग झोळीला जोराने माघारी खेचते, म्हणून झोका लवकर पुरा होतो आणि बाळाला हिसका बसतो.

भावाला अजून मजबुती हवी होती. तसलीच दुसरी स्प्रिंग शेजारी लावू म्हणाला. "मामू, मग तर 20 झोके साडेआठ सेकंदांत होतील!" शेजारी शेजारी लावल्या की दोघी मिळून ओढतात, कडकपणा दुप्पट. एकीखाली एक लावल्या तर दोन्ही ताणल्या जातात, कडकपणा निम्मा. तशा लावल्यावर 20 झोके 17 सेकंदांवर आले. जुन्या झोळीइतके संथ नाही, पण हिसका गेला.

मात्र भावाची भीती खोटी नव्हती. शेजारच्या दोन स्प्रिंगा भार वाटून घेतात. एकीखाली एक असल्या की प्रत्येकीवर पूर्ण भार येतो आणि एक तुटली तरी झोळी खाली. (बाळाचे वजन वाढले की झोका आपोआप संथ होईल, पण भारही वाढेल.) म्हणून छताच्या हुकापासून झोळीपर्यंत एक मजबूत दोर सोडला. झोका अडणार नाही इतका ढिला, आणि स्प्रिंग तुटलीच तर झोळी जमिनीला टेकणार नाही इतका आखूड. दोन स्प्रिंगांमुळे झोळी खाली आली होती, तेव्हा कापडही आखूड केले.

गाठ भावाने स्वतः मारली. आट्याची पिशवी ठेवून तीनदा ओढून पाहिली, मग बाळाला आत ठेवले.