पुळीला सुई लावू नका

वॅक्सिंग करून आठवडा-दोन आठवडे होतात आणि मांडीवर, काखेत, हनुवटीखाली बारीक दुखऱ्या पुळ्या उठतात. एखादीत नीट पाहिले तर आत वाकलेला काळा केस दिसतो. पुढच्या खेपेला पार्लरमधली ताई तो सुईने किंवा चिमट्याने उकरून काढते आणि ग्राहकही त्यावर खूश होते. ही पद्धत बंद व्हायला हवी. पार्लरचे कसब असा केस आत वाढू न देण्यात आहे. वाढल्यावर उकरण्यात त्वचेचे नुकसानच होते.

पट्टी ओढताना कातडी ताणलेली नसली किंवा पट्टी वर उचलून ओढली, तर केस मुळासकट न निघता आतच तुटतो. नव्याने वाढताना त्याचे टोक बाहेर येण्याऐवजी बाजूला घुसते. केस कुरळे असतील किंवा रंध्राचे तोंड मृत त्वचेने बुजले असेल, तर हे अधिकच. शरीर त्या टोकाला परके समजते, म्हणून सूज येते. म्हणजे अशा पुळीत दरवेळी जंतू असतातच असे नाही. सुई टोचली की मात्र त्यांना वाट मिळते. शिवाय गव्हाळ-सावळ्या कातडीवर सूज उतरल्यानंतरही काळा डाग महिनोन्महिने राहतो, आणि तो घालवायला मैत्रिणीने सुचवलेले स्टेरॉइडचे मलम घरात येते. अशा मलमांनी कातडी पातळ होते. त्यांच्या गैरवापरामुळेच केंद्र सरकारने २०१८ मध्ये यांतली अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली.

उपाय साधे आहेत. केस पाव इंच वाढल्याशिवाय वॅक्स लावू नये, आणि पट्टी वाढीच्या उलट दिशेने, कातडीला लागून ओढावी. नंतर एक दिवस घट्ट लेगिंग, जिम आणि कढत पाणी टाळावे. दोन-तीन दिवसांनी हलक्या हाताने मृत त्वचा काढावी किंवा सॅलिसिलिक ॲसिडचे लोशन लावावे. काथ्याने खसाखसा घासणे नको. पुळी आलीच तर तिथे वॅक्सिंग थांबवून कोमट पाण्याचा शेक द्यावा. बहुतेक केस आपसूक बाहेर येतात. पू झाला, लाली पसरू लागली किंवा ताप आला, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जायलाच हवे.

‘नाही म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या पार्लरमध्ये जाईल,’ असे यावर सांगितले जाते. जागेचे भाडे भरून एकटीने धंदा करणाऱ्या बाईची ही भीती खरी आहे. पण काळे डाग पडलेली ग्राहकही परत येत नाही, आणि जाताना चार जणींना सांगते. डॉक्टरही सुईने केस मोकळा करतात, हेही खरे. मात्र त्यांची सुई निर्जंतुक असते आणि जंतुसंसर्ग झाला तर औषध देण्याचे ज्ञान व अधिकार त्यांच्याकडे असतात. काही जणींना कितीही काळजी घेतली तरी पुळ्या येतातच. त्यांना वॅक्सिंग सोडून ट्रिमर वापरण्याचा किंवा तज्ज्ञाकडून लेझर करून घेण्याचा सल्ला देणे हाच प्रामाणिकपणा. ग्राहकांनीही मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या किंवा रेटिनॉइडचे क्रीम चालू असेल, तर ते पट्टी लावण्याआधी सांगावे, कारण अशी कातडी वॅक्ससोबत सोलून निघू शकते. ताईंनीही हे आधी विचारावे, आणि उत्तर ‘हो’ आले तर त्या दिवशी वॅक्सिंग करू नये.