खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ



आपल्या पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन्ही गावांना आगगाडीची ओळख फार जुनी आहे. पांढुर्णा हे नागपूर–इटारसी ह्या मोठ्या मार्गावरचे स्टेशन. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज तेथील मुलांच्या कानांना पाळण्यापासून ठाऊक असतो. सौंसरला मात्र दीर्घकाळ लहान गाडीचा सहवास लाभला. नागपूर–छिंदवाडा मार्गावरील ती ७६२ मिलिमीटर रुंदीची लाइन २०१५ साली बंद झाली व त्या मार्गावर १६७६ मिलिमीटरची मोठी लाइन आली. २०२३ साली हे दोन्ही तालुके मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. अशा मुलुखातील मुलांना खेळण्यातही आगगाडीच हवीशी वाटावी, ह्यात नवल ते काय?

विजेवर चालणारी छोटी गाडी हल्ली पुण्या-मुंबईस नोकरीला असलेला एखादा काका किंवा मामा सुटीत घेऊन येतो. पहिले चार-आठ दिवस ती सुरेख धावते. मग अडखळू लागते. तिचा दिवा मिचमिचतो, वळणावर ती थांबते व बोटाने ढकलल्याशिवाय हलत नाही. काही दिवसांनी घरातील वडील मंडळी ‘बिघडली’ असा निकाल देतात आणि मोठ्या किमतीची ती वस्तू माळ्यावर जाते. काही घरी मुलांवर ‘तूच मोडलीस’ असा ठपकाही येतो. ह्या निकालापूर्वी एका गोष्टीची चौकशी होणे न्यायाचे आहे. गाडी मोडली आहे, की तिचे रूळ नुसते मळले आहेत? बहुतेक वेळा उत्तर दुसरे असते, आणि मग निष्पाप मुलाला विनाकारण बोल लागलेला असतो.

ह्याचे कारण समजण्यास गाडीची रचना ध्यानी घेतली पाहिजे. खऱ्या विजेच्या इंजिनाला वीज डोक्यावरच्या तारेतून मिळते. खेळण्यातल्या गाडीला अशी तार नसते, तिला वीज रुळांतूनच मिळते. ट्रान्सफॉर्मरमधून आलेली सुमारे १२ व्होल्टची वीज एका रुळातून चाकात शिरते, तेथून मोटारीत जाते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांतून दुसऱ्या रुळात परतते. चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा अगदी चिमुकली असते. तेवढ्या जागेवर मळाचा पातळ थर आला की विजेची वाट अडते. मोठ्या दाबाची वीज असा थर कदाचित भेदून जाईल. बारा व्होल्टांच्या अंगी ते बळ नसते.

हा मळ येतो कोठून? त्याचे तीन उगम आहेत. पहिला धुळीचा. आपला प्रदेश काळ्या मातीचा व कपाशीचा. उन्हाळ्यात धूळ आणि कापसाचे तंतू घरभर उडत असतात, आणि जमिनीवर मांडलेल्या रुळांना ते सर्वांआधी गाठतात. दुसरा उगम तेलाचा. फोडणीची वाफ, बोटांचा स्निग्धपणा आणि इंजिनाला हौसेने पाजलेले जास्तीचे तेल, हे सारे रुळांवर बसते व धुळीला चिकटवून ठेवते. तिसरा उगम ठिणगीचा. चाक रुळावरून किंचित उचलले गेले की तेथे सूक्ष्म ठिणगी उडते आणि धातूवर काळा थर सोडते. थर वाढला की ठिणग्या वाढतात, आणि ठिणग्या वाढल्या की थर आणखी वाढतो. म्हणूनच दुर्लक्षिलेली गाडी दिवसेंदिवस अधिकच अडखळते.

रूळ कोणत्या धातूचे आहेत हेही पाहावे. जुन्या संचांत ते पितळेचे असत. पितळ काळवंडले की त्यावरचा थर विजेला चांगलाच अडवतो. हल्लीचे रूळ बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. ह्या धातूची भांडी आपल्या ओळखीची आहेत. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा कणही नसतो. तांबे, निकेल आणि जस्त ह्यांचे ते मिश्रण होय. त्यावर थर धरतो तो पितळेवरच्या थराइतका त्रासदायक नसतो, म्हणून असे रूळ कमी वेळा पुसावे लागतात. पण पुसावे लागतातच.

आता उपायाकडे वळू. प्रथम काय करू नये ते सांगितले पाहिजे, कारण घरोघरी चुकीचे उपाय तत्परतेने होतात. पितळेची भांडी उजळावयास चिंच आणि राख उत्तम, परंतु रुळांना ती लावू नयेत. चिंचेचा आंबटपणा फटींत राहून धातू खातो, आणि राखेचे कण चरे पाडून दातेरी चाकांत शिरतात. सँडपेपरने रूळ क्षणभर लखलखतात खरे, पण त्याने पडलेल्या प्रत्येक चऱ्यात पुढे मळ साचतो व रूळ पूर्वीपेक्षा लवकर काळे होतात. लोखंडी तारेचा घास तर मुळीच वापरू नये. त्याचे सूक्ष्म तुकडे मोटारीतील चुंबकाकडे ओढले जातात आणि मग मोटार खरोखरच बिघडते. रॉकेल आपल्या मागे तेलकट पापुद्रा ठेवते. पेट्रोल, थिनर आणि नखांचा रंग काढण्याचे द्रव प्लास्टिकचे स्लीपर व डब्यांचा रंग विरघळवू शकतात.

योग्य द्रव म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधांच्या किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात ते मिळते. ते वापरताना प्रथम ट्रान्सफॉर्मरची पिन भिंतीतून काढावी. हे द्रव झटकन पेट घेते, म्हणून जवळ दिवा, चूल, उदबत्ती किंवा विडी नसावी व खिडकी उघडी असावी. बाटली मोठ्यांनीच हाताळावी. तंतू न सुटणारे जुने, मऊ कापड बोटाभोवती गुंडाळून किंचित ओले करावे आणि रुळांचा माथा व आतली कड एकाच दिशेने पुसत जावी. कापड काळे झाले की घडी बदलावी. काळेपणा उतरेनासा झाला म्हणजे काम झाले. द्रव पूर्ण सुकेपर्यंत वीज जोडू नये.

एवढ्यावर थांबल्यास निम्मे काम राहते. मळक्या चाकांनी स्वच्छ रूळ पहिल्याच फेरीत पुन्हा मळतात, म्हणून चाकेही त्याच बैठकीत पुसावीत. इंजिनासाठी सोपी युक्ती अशी: किंचित ओले कापड रुळांवर आडवे पसरावे, वीज सुरू करावी, आणि इंजिनाची मागची चाके उघड्या रुळांवर व पुढची कापडावर ठेवून इंजिन हाताने धरावे. चाके जागच्या जागी फिरतात व आपला मळ कापडावर सोडतात. मग इंजिन फिरवून दुसरी बाजू करावी. येथे कापड नुसते दमट हवे, ओलेचिंब नको, कारण वीज चालू असते व ठिणगीचा संभव असतो. हे काम मोठ्या माणसानेच करावे. डब्यांची चाके सुकी किंवा दमट चिंधी लावून एकेक पुसावीत. प्लास्टिकच्या चाकांवर मळ विशेष साचतो. आसांभोवती गुंडाळलेले कापसाचे तंतू चिमट्याने काढावेत. तेल द्यावयाचे तर सुईच्या टोकावर मावेल एवढेच.

पुसूनही गाडी एकाच ठिकाणी थांबत असेल, तर दोष मळाचा नसून सांध्याचा असू शकतो. दुचाकीच्या मीटरमधला छोटा १२ व्होल्टचा दिवा घेऊन त्याच्या दोन तारा दोन रुळांच्या बाजूंना टेकवाव्यात. सांध्याच्या अलीकडे दिवा लागतो व पलीकडे लागत नाही, असे दिसले तर सांधा सैल आहे. तो घट्ट बसवावा. दोन्हीकडे सारखाच लागला, तर पुन्हा चाकांकडेच पाहावे.

पुढच्या काळजीचे नियम थोडे आहेत. रूळ जमिनीवर न मांडता फळीवर बसवावेत. खेळ संपल्यावर प्लास्टिकचे आच्छादन घालावे. सुती चादर नको, तिचेच तंतू गळतात. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी चालवावी, कारण वापरात असलेले रूळ पडून राहिलेल्या रुळांपेक्षा स्वच्छ राहतात.

हा पोरखेळ आहे असे कोणी समजू नये. खऱ्या रेल्वेतही हाच नियम चालतो. अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन ह्यांनी १८७२ साली जी योजना सिद्ध केली, तिच्यात रुळांतून सौम्य वीज सोडलेली असते. गाडी आली की तिची चाके व आस दोन्ही रुळांना जोडतात, आणि सिग्नलला कळते की मार्ग मोकळा नाही. क्वचितच वापरल्या जाणाऱ्या रुळांवर गंज चढला, तर ही जोडणी नीट होत नाही आणि उभी असलेली गाडी यंत्रणेला ‘दिसत’ नाही. चढावर चाके घसरू नयेत म्हणून इंजिन रुळांवर वाळू सोडते, पण ती जास्त झाली तर तीही विजेला अडवते. खेळण्यात गाडी थांबते एवढेच. तेथे माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो.

पुण्यास कोथरूडमध्ये भाऊ जोशी ह्यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी उघडले. तेथे प्रेक्षकांसमोर गाड्या चालवून दाखवतात. जर्मनीत हँबुर्ग शहरी २००१ साली सुरू झालेल्या अशाच प्रदर्शनात रुळांची लांबी १५ किलोमीटरांहून अधिक आहे. एवढ्या पसाऱ्यातली गाडीही त्या चिमुकल्या स्पर्शाच्या जागेवरच अवलंबून असते, आणि आपल्या ओसरीवरच्या एका वळशाचीही तीच गोष्ट.

सौंसरच्या मुलांना शेवटी एक आनंदाची गोष्ट सांगतो. बाजारातील बऱ्याच गाड्या खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या असतात. ह्याच मापाने आपली जुनी ७६२ मिलिमीटरची लाइन काढली तर ती पावणेनऊ मिलिमीटर भरते, आणि ९ मिलिमीटरचे तयार रूळ बाजारात मिळतात. म्हणजे २०१५ साली गेलेली ती छोटी लाइन हौशी हातांना एका फळीवर पुन्हा मांडता येईल.

तेव्हा वाचकहो, माळ्यावर टाकलेली गाडी असेल तर ह्या सुटीत ती खाली काढा. मुलाला शेजारी बसवा, बाटली आपल्या हाती ठेवा आणि कोरडी चिंधी त्याच्या हाती द्या. ती पुन्हा धावू लागली, तर त्याच्यावर पूर्वी आलेला ठपका त्याच्यासमोरच मागे घ्यायला विसरू नका.