गादी कोण नेणार? स्वच्छ सुरतेत अडगळीचं अन् घातक कचऱ्याचं गणित सुटेना

सुरत : रोजचा कचरा उचलण्यात सुरत महापालिकेचा हात धरणारी शहरं देशात मोजकीच. स्वच्छ सर्वेक्षणात २०२०, २०२१ आणि २०२२ अशी सलग तीन वर्षं दुसरा नंबर, २०२३ मध्ये तर इंदूरच्या बरोबरीनं पहिला. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीनं लाखो लोक ज्या शहरातून पळाले, ताप्ती लाइनच्या गाड्यांना लटकून खानदेशात परतले, त्याच शहराची ही गोष्ट. १९९५ ला आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी जी घडी बसवली, ती बऱ्याच अंशी टिकली. सकाळी गाडी येते, ओला-सुका घेते, निघून जाते.

पण ही गाडी रोजच्या कचऱ्यासाठी आहे. फाटकी फोमची गादी, स्प्रिंग बाहेर आलेला सोफा, पाणी लागून फुगलेलं प्लायवूडचं कपाट तिच्यात बसतही नाही. मग घरमालक म्हणतो, रूम खाली करताना सामान घेऊन जा. भाडेकरू म्हणतो, नवीन रूममध्ये ठेवू कुठे? लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा, नवागाम या भागांत धुळे-नंदुरबार-जळगावची हजारो कुटुंबं राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत अडगळीला कोपरा नसतो. माळा असला तरी तो गावाहून आलेल्या धान्याच्या गोणीसाठी.

भंगारवाला घेतो काय, सोडतो काय

आपल्याकडे अडगळ संपवण्याची एक जुनी, बिनसरकारी अन् खरं तर फार चांगली व्यवस्था होती. लोखंडी खाट, पत्र्याचं कपाट, पितळी भांडी, सागवानी पलंग, रद्दी या सगळ्याला दारावर पैसे मिळत. कापसाची गादी दबली की पिंजारी ती उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरून देई. म्हणजे टाकण्याचा खर्च शून्य, उलट चार पैसे हातात.

आज घरातलं सामान बदललं. फोम, रेक्झिन, पार्टिकल बोर्ड, थर्माकोल. भंगारवाल्याला यात वजन नाही, भाव नाही. सोफ्यातले खिळे आणि स्प्रिंगा तो काढून नेईल, उरलेला सांगाडा तुमच्या दारात. जुना काचेच्या नळीचा टीव्ही घेतला तरी त्याला तांब्याची वायर अन् सर्किट हवं असतं. शिसं मिसळलेली जाड काच कुणालाच नको. फ्रिजमधला कॉम्प्रेसर विकला जातो, पण तो काढताना नळी तोडली की आतला गॅस हवेत सुटतो. आतल्या इन्सुलेशनच्या फोमला तर कुणी विचारतही नाही.

थोडक्यात, ज्याला भाव आहे ते आपोआप जातं. ज्याला भाव नाही ते घालवायला पैसे लागतात. टेम्पोचं भाडं, चढवणाऱ्या दोघांची हमाली. लूमवर किंवा डाइंग मिलमध्ये रोजावर काम करणाऱ्याची एका गादीपायी दिवसाची कमाई जाऊ शकते. तो ती देणार नाही, अन् त्याला दोष देणंही बरोबर नाही. रात्री अकराला दोन पोरांना हाताशी घेऊन गादी खाडीच्या कडेला टाकली की काम फुकटात होतं.

ही खाडी म्हणजे समुद्राची नव्हे. सुरतेत शहरातून वाहणाऱ्या ओढ्यांनाच खाडी म्हणतात. लिंबायत, गोडादरा, पर्वत पाटियाच्या बाजूनं मिठी खाडी जाते. जुलै २०२४ मध्ये आणि परत जून २०२५ मध्ये याच पट्ट्यात खाडीचं पाणी घराघरांत शिरलं. एकट्या कचऱ्यामुळे पूर येत नाही, हे आधीच सांगायला हवं. वरच्या भागातला मुसळधार पाऊस, अरुंद झालेलं पात्र, गाळ, काठावरची बांधकामं ही मोठी कारणं आहेत. पण पुलाच्या मोरीत अडकलेली एक गादी काय करते, हे खाडीकाठच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. भिजलेली गादी माणसांना हलत नाही, तिला जेसीबी लागतो. म्हणजे घरातून टेम्पोनं न्यायला जो खर्च आला असता, त्याच्या कितीतरी पट महापालिका खाडीतून काढताना करते. आणि पाणी शिरतं ते बहुतेक करून त्याच वस्तीत. भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटं असा नवा ढीग पुन्हा रस्त्यावर. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरानंतर अख्ख्या शहरानं हे मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे.

लहान वस्तू, मोठं विष

अडगळ निदान दिसते. घातक कचरा दिसतही नाही. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. कचऱ्यात फुटली की तो पारा पहिल्यांदा श्वासात जातो तो सफाई कामगाराच्या. उरलेला रंग, थिनर, ढेकणाच्या औषधाचा डबा, मुदत संपलेल्या गोळ्या, इन्सुलिनच्या सुया, पेन्सिल सेल हे सगळं याच जातीचं.

इथंही भावाचाच नियम चालतो. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कुणी फेकत नाही, कारण नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे कापून देतो. तिच्यातल्या शिशाला बाजार आहे. (तीच बॅटरी गल्लीतल्या भट्टीवर वितळवली तर आसपासच्या पोरांच्या रक्तात शिसं जातं, म्हणून ती दुकानातच द्यावी.) पेन्सिल सेलला भाव नाही, म्हणून तो सुक्या कचऱ्यात. ट्यूबला भाव नाही, म्हणून ती कोपऱ्यावर उभी.

कायदा याबाबत गप्प नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ नं घरगुती घातक कचऱ्याची वेगळी व्याख्या केली आणि दर वीस चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उभारायला, त्याच्या वेळा जाहीर करायला सांगितलं. २०२० च्या हद्दवाढीनंतर सुरत महापालिकेचं क्षेत्र साधारण ४६० चौरस किलोमीटर झालं. या हिशेबानं शहरात किमान तेवीस केंद्रं हवीत. आपल्या घराजवळचं केंद्र कुठे अन् ते किती ते किती उघडं असतं, हे लिंबायत किंवा उधन्यात दहा जणांना विचारून पाहावं. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या नव्या नियमांनी तर घराघरात चार भाग करायला सांगितले आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. चौथा भाग म्हणजे हाच. डबा चौथा ठेवता येईल, पण तो रिकामा करायला कुणी ठरलेल्या दिवशी आलं नाही, तर महिन्याभरात त्यातलं सगळं पुन्हा सुक्यात जाणार.

कायदेशीर विल्हेवाट महाग पडली की काय होतं, याचं भयानक उदाहरण सुरतेच्याच सचिन जीआयडीसीत घडलं. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे एका टँकरमधून रसायन नाल्यात सोडलं जात होतं. विषारी वायूनं सहा कामगारांचा जीव गेला. माल महाराष्ट्रातल्या तळोज्याहून आल्याचं पोलिस तपासात पुढे आलं. कारखान्याचा टँकर आणि घरातली ट्यूब यांची बरोबरी नाही, हे खरं. पण डोकं तेच चालतं : रीतसर टाकायला पैसे लागतात, रात्री नाल्यात टाकायला लागत नाहीत. आणि मरतो तो शेजारी झोपलेला मजूर.

दुसरीकडे काय करतात

इंदूरमध्ये गाडीलाच घातक कचरा अन् ई-कचऱ्याचे वेगळे कप्पे आहेत. पुण्यात कचरावेचकांचीच मालकी असलेली ‘स्वच्छ’ सहकारी संस्था ‘व्ही कलेक्ट’ नावानं जुनं फर्निचर, कपडे, ई-कचरा गोळा करते. दुरुस्त होण्याजोगं पुन्हा वापरात येतं आणि त्यावर कचरावेचकांचं पोट चालतं. मुंबई महापालिकेनं २०२५ मध्ये सॅनिटरी व विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी नोंदणीवर वेगळी सेवा सुरू केली. जपानमध्ये लोक मोठ्या वस्तूसाठी दुकानातून ठरलेल्या किमतीचं स्टिकर घेतात, ते चिकटवून वस्तू नेमल्या दिवशी दारात ठेवतात. तिथं पैसे पडतात, पण किती पडणार हे आधी माहीत असतं.

सुरतेला यातलं काही जड नाही. बांधकामाच्या मलब्यासाठी कोसाडला प्रकल्प उभा करणाऱ्या पालिकेला महिन्यातून एक दिवस वॉर्डात मोठा टेम्पो फिरवणं अवघड कसं? निदान वर्षातून दोनदा, दिवाळीच्या साफसफाईत आणि पावसाळ्याआधी मे महिन्यात, ही फेरी फुकट असावी. त्याच टेम्पोला मागं ट्यूब, सेल, औषधांची पेटी लावली की एका डिझेलमध्ये दोन कामं.

तोवर घराघरांत एवढं करता येईल. सामान काढायचं तर एकट्यानं नको, गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून छोटा हत्ती करावा आणि झोन ऑफिसात आधी विचारून तो कुठे खाली करायचा ते ठरवावं. सोफा-पलंगाचं लोखंड आधी विकलं तर भाड्याला हातभार लागतो. ट्यूब-बल्ब न फोडता जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. उरलेला रंग मोरीत ओतू नये, वाळू टाकून सुकवावा. गोळ्या संडासात टाकण्याची सवय सोडावी. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनं २०२५ मध्ये फ्लश करायला सांगितलेली औषधं अवघी सतरा आहेत, तीही नशेची किंवा जीवघेणी ठरू शकतील अशी.

राहिला मुद्दा गावाचा. सुरतेतला जुना कूलर, टीव्ही, फ्रिज बऱ्याचदा टाकला जात नाही, तो टेम्पोत बांधून गावी पाठवला जातो. नवापूरच्या पुढे, शिरपूर-शहाद्याकडे, अमळनेर-पारोळ्याकडे. चालू वस्तू असेल तर उत्तमच, आई-वडिलांना उपयोग होतो. पण तिथं ती दोन-चार वर्षांत बंद पडली की पुढे? ज्या गावात साधी घंटागाडी रोज येत नाही, तिथं पिक्चर ट्यूबची काच अन् फ्रिजचा फोम नदीकाठी किंवा गावठाणाच्या खड्ड्यात जातो आणि होळीच्या आसपास कुणीतरी तो पेटवतो. स्वच्छतेच्या यादीत सुरतेचा नंबर काढताना हा टेम्पो मोजला जात नाही. नंदुरबार-धुळ्याच्या जिल्हा परिषदांनी तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी एक ई-कचरा गाडी उभी केली, तर निदान तो मोजायला सुरुवात होईल.