जनरलसाहेबांचा नळ

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला पाणी हवे, म्हणून आदल्या रात्रीच पिंप भरून ठेवायचे, ही आमच्या घरची रीत. तुमच्याही घरची असेल. पाणी येणार तासभर. तेवढ्यात नळाला मोटार लावून शेजाऱ्याच्या आधी ओढून घ्यायचे. आमच्याकडेही मोटार आहे, लपवायचे कशाला?

म्हणूनच कंबोडियाच्या राजधानीची, नॉम पेन्हची हकिकत वाचून मी अंमळ ओशाळलो. १९७५ साली ख्मेर रूजने हे शहर सक्तीने रिकामे केले. पुढे माणसे परतली, पण नळ जुने आणि फुटके. १९९३ साली एक सोन चान नावाचे इंजिनिअर पाणीखात्याचे प्रमुख झाले. (‘एक’ हे त्यांचे आडनाव, बरे का!) तेव्हा सोडलेल्या शंभर बादल्यांपैकी सुमारे बहात्तरांचा पैसाच येत नसे. काही गळत, काही चोरीला जात. चोरटे नळ जोडून देण्यात खात्यातलीच माणसे पुढे!

चानसाहेबांनी घरोघर मीटर बसवायला घेतले. एका लष्करी अधिकाऱ्याने त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावले, असे ते सांगत. ते मुकाट्याने परतले, सशस्त्र माणसे घेऊन पुन्हा गेले आणि जनरलसाहेबांचा नळ तोडून आले. गरिबांना मात्र जोडणीच्या खर्चात सवलत दिली. विकतच्या पाण्याला ती बिचारी कितीतरी जास्त पैसे मोजत होती.

पुढे गळती सहा टक्क्यांच्या आसपास आली आणि नळाला चोवीस तास पाणी आले. यात आरोग्याचीही गोष्ट आहे. नळ सदा भरलेला, दाबाखाली असला की बाहेरची घाण आत शिरत नाही. रिकाम्या नळात ती फटींतून झिरपते, आणि आपण मोटार लावली की तिला आमंत्रणच! मग आपण पाणी उकळत बसतो. चानसाहेबांना २००६ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले, खात्याला २०१० साली स्टॉकहोमचे.

हे सारे मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. सौ. ने शेवटपर्यंत ऐकले.

“माणूस खरा धीराचा हो,” ती म्हणाली. “पण साडेपाच वाजले. वरच्यांची मोटार सुरू झालीसुद्धा.”

मी चष्मा काढून ठेवला आणि बटणाकडे गेलो.