पापणी सुजली म्हणजे डोळेच आले असे नाही

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगते, म्हणजे तुमच्या हातून व्हायची नाही.

मी खामगावच्या एका शाळेत सकाळचे तीन तास शिकवते. सातवीतली एक मुलगी एक डोळा मिटूनच वर्गात आली. पापणी टम्म सुजलेली, लालबुंद. २०२३ च्या पावसाळ्यातली डोळ्यांची साथ तुम्ही विसरला नसाल. त्या वेळी राज्यात सगळ्यांत जास्त रुग्ण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात होते. तेव्हापासून लाल डोळा दिसला की आम्हा शिक्षकांना धडकीच भरते. “बाई, डोये नाई आले माहे, फोड हाय,” असे ती बिचारी सांगत होती. मी ऐकले नाही, घरी पाठवून दिले.

घरी आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब उरलेले होते. बाईंनीच डोळे आले म्हटल्यावर आईने ते तीन दिवस घातले. फोड बसायचा तो वाढला. डॉक्टरांनी पाहताच सांगितले, ही साधी रांजणवाडी. तिची आई मला भेटली तेव्हा मला मान वर करवेना.

तर आधी ओळखायचे कसे ते पाहू.

डोळे येणे : यात डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो, पाणी गळते, खडा गेल्यासारखे टोचते, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात. बहुधा एकदोन दिवसांत दुसराही डोळा धरतो. हे पसरते, म्हणून टॉवेल, उशी वेगळी ठेवा.

रांजणवाडी : पापणीच्या केसाच्या मुळाशी किंवा तिथल्या तेलाच्या ग्रंथीत पू होतो. स्वच्छ बोटाने हलकेच चाचपले तर नेमकी एकच जागा ठणकते. आठपंधरा दिवसांत आपोआप फुटून बसते. अशा मुलाला शाळेत यायला काहीच हरकत नाही.

न दुखणारी गाठ : तेलाच्या ग्रंथीचे तोंड बंद झाले की आत तेल साठते आणि मुगाएवढी टणक गाठ होते. लाली नाही, ठणका नाही. हिला जिरायला महिना-दीड महिनाही लागतो.

पापणीचा कोंडा : कडा लाल, खाज, जळजळ, केसांच्या मुळांशी खपल्या. डोक्यात कोंडा असणाऱ्यांना हा त्रास जास्त. हा मुळापासून जात नाही, पण रोजच्या स्वच्छतेने आटोक्यात राहतो.

शेवटच्या तिन्हींना घरचे औषध एकच, ते म्हणजे ओला शेक. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ सुती रुमाल बुडवून पिळा. आधी आपल्या मनगटाला लावून पाहा. सोसवेल इतपतच गरम हवा. मिटलेल्या पापणीवर पाच ते दहा मिनिटे ठेवा, गार झाला की पुन्हा बुडवा. असे दिवसातून तीनचार वेळा. गाठ असेल तर शेकानंतर पापणीच्या केसांच्या दिशेने बोटाने हलकेच चोळा. कोंडा असेल तर कपभर कोमट पाण्यात लहान मुलांच्या शांपूचे दोनतीन थेंब टाकून, डोळा मिटून कडा पुसून घ्या. रुमाल रोज उकळा, आणि एकाचा दुसऱ्याला नको.

आता काय करायचे नाही ते. फोड पिळायचा नाही. “काही नाई होत वं, लवंग उगाळून लाव,” असे शेजारच्या काकू सांगतील, ऐकू नका. लवंग डोळ्यात उतरली तर भलतीच झोंबते, इजा होते. बरे होईपर्यंत काजळ बंद, आणि जुनी डबी टाकूनच द्या. उरलेले थेंब तर कुणाचेच घालू नका. मोतीबिंदूनंतरच्या थेंबांत बहुधा स्टेरॉइड असते. त्याने जंतुसंसर्ग बळावतो, आणि जास्त दिवस घातले तर काचबिंदूची भीती असते.

सगळी पापणी सुजली, ताप आला, दिसायला कमी झाले, डोळा फिरवताना दुखू लागला किंवा पुढे आल्यासारखा दिसला, तर शेकात वेळ घालवू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, लहान मूल असेल तर रात्रीसुद्धा. वरचेवर रांजणवाडी होत असेल तर साखर तपासून घ्या.

दुसरी चूक सांगायला मला जास्त जड जाते. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या वरच्या पापणीला अशीच गाठ आली. शेकाने जिरली नाही, म्हणून डॉक्टरांनी काढली. पाच महिन्यांनी त्याच जागी पुन्हा आली, तिथले केसही झडले. “म्हाताऱ्या डोयाचं काय घेऊन बसली वं?” म्हणून त्यांनी उडवून लावले. मलाही दिवाळी आणि परीक्षेचे पेपर यांतून सवड होईना. दोन महिने गेले. मग तुकडा तपासायला पाठवला, तर तेलग्रंथीचा कर्करोग निघाला. पापणीच्या कर्करोगांत हा प्रकार आपल्या देशात बराच आढळतो, आणि दिसतो अगदी साध्या गाठीसारखा. शस्त्रक्रिया झाली. आज सासूबाई माझ्यासमोर वाती वळत बसल्या आहेत. पण ते दोन महिने मनातून जात नाहीत.

म्हणून आता आमच्याकडे एक नियम केला आहे. शेक सुरू केला की दुधाचे खाडे मांडतो त्याच कॅलेंडरवर तारीख टाकायची. रांजणवाडी पंधरा दिवसांत बसली नाही, किंवा गाठ दीड महिन्यात जिरली नाही, तर डॉक्टर. वयस्कर माणसाला त्याच जागी पुन्हा गाठ आली, केस झडले किंवा रक्त आले, तर तारखेचीही वाट पाहायची नाही. आणि घरातली मोठी माणसे “काही नाही” म्हणाली, तरी स्वतः चष्मा लावून त्यांची पापणी एकदा उजेडात नीट पाहायची.