चार इंची फ्लँज, पण कोणता?

मुंबईच्या सी. पी. टँक परिसरातील पाइप-फिटिंगच्या पेढीवर मोठ्या प्रकल्पाचे मागणीपत्र येते, तेव्हा त्यातील निवड बहुधा संगणकाने केलेली असते. सॉफ्टवेअरमधील कॅटलॉग म्हणजे जणू संपूर्ण बाजार. त्यात सर्व मापांचे व धातूंचे भाग नोंदलेले असतात. अभियंते द्रव, दाब व तापमान पाहून त्यातून मर्यादित यादी ठरवितात; तिला ‘स्पेक’ म्हणतात. आरेखक केवळ पाइपचा मार्ग आखतो. फ्लँज, गॅस्केट व बोल्ट सॉफ्टवेअर स्पेकमधून घेते.

हा काटेकोरपणा व्यर्थ नाही. ‘एएसएमई बी १६.५’ या मानकानुसार चार इंची फ्लँजला १५० व ३०० या दोन्ही वर्गांत आठच छिद्रे असतात. परंतु छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास अनुक्रमे सुमारे १९० व २०० मिलिमीटर असल्याने ते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून ‘माप तेच आहे’ एवढ्यावरून माल बदलून देणे हा सचोटीचा व्यवहार नव्हे.

मात्र स्पेकमध्येच चूक नोंदली गेली, तर संगणक ती निमूटपणे ठिकठिकाणी उमटवितो. खतावणीतील चुकीच्या शिलकेप्रमाणे ती पुढे ओढली जाते. माल पाठविण्यापूर्वी शंका विचारणारा जाणकार व्यापारी ती वेळीच थांबवू शकतो.